कबरीचा वैद्यकीय अहवाल

आमच्या घरात आजवर सर्वांत सखोल वैद्यकीय तपासणी ज्या सदस्याची झाली, तो सदस्य एक दिवसाआड अंडं घालतो.

तिचं नाव कबरी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून कबरी. तिच्यासोबत लाली आणि गवरी अशा आणखी दोघी आहेत. पुण्याच्या मांजरी या उपनगरात आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. त्याच्यामागे एक सतरंजी अंथरली की संपेल एवढं अंगण आहे आणि त्या अंगणात या तिघी राहतात. मालकी माझ्या मायची. माझ्याकडे फक्त व्यवस्था होती. (हा 'होती' पुढे कळेल.)

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. श्रेणी कोणी विचारत नाही, तरी मी सांगतो. निकालाच्या दिवशी बाबांनी गावभर पेढे वाटले. घेणाऱ्यांना बी.एस्सी. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि वाटणाऱ्यालाही नव्हतं, पण तोंड सगळ्यांचं गोड झालं. तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी मला हाताला धरून शिकवलं, त्यांच्या कृपेनं मी आज पुण्याजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्कीट उचलायचं, मोडायचं, कुटायचं, तपासायचं आणि त्यावरून बाकीच्या बिस्किटांचं भवितव्य ठरवायचं, हे माझं काम. अहवाल या गोष्टीवर माझी श्रद्धा आहे. लोक देवाला जातात, मी प्रयोगशाळेत जातो.

बाबा गेल्यावर माय यवतमाळकडच्या आमच्या गावात एकटी राहू लागली. तिनं पुण्याला आमच्याजवळ यावं म्हणून मी आणि माझी बायको वैशाली चार वर्षं तिच्या मागे लागलो होतो. पाच वेळा ती आली आणि पाचही वेळा आठव्या दिवशी परत गेली. कारणं दरवेळी नवी. एकदा म्हणाली, "इथं सूर्य उशिरा उगवते." मी नकाशा काढून पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर निघालं, पंधराएक मिनिटांचा फरक आहे. आता सूर्याबद्दल मी काय करणार?

सहाव्या वेळी तिनं स्वतःच अट घातली. "माह्या कोंबड्या संगं आणीन. त्या रमल्या तर मी राईन. नाई रमल्या तर मले थांबवू नको."

मी लगेच हो म्हटलं. माय तीन कोंबड्यांची टोपली सीटखाली ठेवून रात्रभराचा प्रवास करून आली. नगर ओलांडताना गवरीनं टोपलीतून बाहेर येऊन अंडं घातलं. मायनं तो शुभशकुन मानला. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या बुटात घातलं होतं, त्यामुळे त्यानं तसं मानलं नाही.

आता आमच्या सोसायटीत कोंबड्या म्हणजे प्रश्न आलाच. अध्यक्ष दामले काका. निवृत्त हेडक्लार्क, सदाशिव पेठेतलं घर मुलाला देऊन मांजरीला राहायला आलेले, आणि पेठ मात्र सोबत घेऊन आलेले. पहिल्याच दिवशी ते अंगणाच्या भिंतीपलीकडे येऊन उभे राहिले. तिघींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वानखडे, या पाळल्यात की साठवल्यात?"

"पाळल्यात काका. आईच्या आहेत."

"बरं. नियमात कोंबडी नाही. म्हणजे बंदीही नाही. पण वास येता कामा नये. आला, तर मी येईन."

एवढं बोलून ते गेले. धमकी एवढ्या सभ्य भाषेत मी प्रथमच ऐकली होती.

आणि मी कामाला लागलो. स्वच्छता हा तर माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. सकाळी खुराड्यात ब्लीचिंग पावडर. संध्याकाळी पुन्हा ब्लीचिंग पावडर. तिच्यावर फिनेल. फिनेलचा वास जावा म्हणून कापूर. आणि एवढं करून काही वास उरलाच तर तो दामले काकांकडे जाऊ नये म्हणून खुराड्याला तिन्ही बाजूंनी ताडपत्री.

वैशाली म्हणाली, "अहो, कोंबड्या आहेत त्या. तिथं कुणाचं ऑपरेशन करायचंय?"

माय मात्र नाकाला पदर लावून लांब उभी राहिली आणि वैशालीला म्हणाली, "शिकलेलं पोरगं हाय. काई विचार करूनच करत असन."

माझी छाती भरून आली. कोंबड्यांचीही आली, पण ते नंतर समजलं.

तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, माय कबरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली दिसली. कबरीचा डावा डोळा सुजून मिटला होता. पिसं फुलवून ती गोळा होऊन बसली होती आणि श्वास घेताना फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता. लाली आणि गवरी मागे उभ्या राहून आळीपाळीनं शिंकत होत्या.

"इथली हवा नाई मानवली तिले," माय शांतपणे म्हणाली. "येत्या रविवारच्या गाडीचं तिकीट काढ बाबू. आमचं चौघीचं."

माय रागावली असती तर मी समजूत काढली असती. पण ती रागावली नव्हती. तिनं पिशवी भरायला सुद्धा काढली होती. म्हणजे माझ्या हातात सहा दिवस होते. कबरी बरी झाली तर माय राहणार, नाही तर सातव्यांदा ती येईल याची मला काही खात्री वाटेना. तिचे गुडघे आता प्रत्येक प्रवासाला बोलायला लागले होते.

"माय, मी तिला बरी करतो," मी म्हणालो.

"बरी कराले काय लागते? दोन दिवस झाडाखाली मोकळी बांधाची. लसणाची पाकळी द्याची. होते आपोआप."

"ते दिवस गेले, माय. आता शास्त्रीय पद्धतीनं करायचं."

शास्त्रीय पद्धतीची पहिली पायरी म्हणून मी ब्लीचिंग पावडर दुप्पट केली. आजार म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे समीकरण मला झोपेतही येतं. मंगळवारी कबरीचा उजवा डोळाही सुजला.

दामले काकांना भिंतीपलीकडून सगळं दिसत होतं. ते म्हणाले, "आमच्या पेठेत एक जनावरांचे डॉक्टर आहेत. हुशार आहेत. बोलत नाहीत."

बुधवारी अर्धी रजा टाकून मी स्कूटर काढली. मागे माय, मायच्या मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर कबरीची मान. हडपसरच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं विचारलं, "मावशी, आज बुधवार स्पेशल काय?"

"दवाखान्यात चालली ते," माय म्हणाली. "छाती भरली तिची."

सिग्नल सुटला तरी तो माणूस तिथंच उभा होता. मागून हॉर्न वाजत होते.

दवाखान्यात चार कुत्री आणि एक मांजर आधीच बसलेलं. एक तांबूस लॅब्रॅडॉर कबरीकडे बघून इतका अस्वस्थ झाला की त्याच्या मालकिणीनं त्याचे डोळे हातानं झाकले. टेबलामागच्या बाईंनी फाईल उघडली.

"पेशंटचं नाव?"

"कबरी."

"आडनाव?"

"कोंबडीला?"

"मालकाचं लावतो आम्ही. सगळ्यांनाच."

थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "कबरी वानखडे, आत या." माय अशी उठली, की जणू बक्षीस समारंभात नाव पुकारलंय. "मले पोरगी नव्हती," ती माझ्या कानात म्हणाली. मी गंभीर चेहरा ठेवला.

डॉक्टरांनी पिशवीत पाहिलं. "मी कुत्री-मांजरं बघतो."

"पण डॉक्टर, आपलं शिक्षण तर सगळ्याच प्राण्यांचं झालेलं असेल ना?"

"शिक्षण पुष्कळांचं पुष्कळ झालेलं असतं." त्यांनी कबरीच्या छातीला नळी लावली. ऐकलं. "आत्ता ठीक आहे."

आश्चर्य म्हणजे खरंच ठीक होती. तासभराच्या प्रवासात तिचा भाता बंद झाला होता, एक डोळा अर्धा उघडला होता आणि ती डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा टोचून बघत होती.

"घरी गेली की बिघडते हो, डॉक्टर."

"मग घर बदला."

आमचं एकूण संभाषण एवढंच. त्यांनी कागदावर वाघोलीच्या पुढच्या एका कुक्कुट प्रयोगशाळेचा फोन नंबर लिहून दिला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. माय बाहेर येऊन म्हणाली, "पाय, डॉक्टरबी तेच म्हणून राह्यला. घर बदला म्हणते. आता रविवारचं तिकीट पक्कं कर."

मी त्या वाक्यावर शास्त्रीय विचार करायला हवा होता. तो न करता मी कबरीला घरी आणलं आणि ताडपत्रीच्या आत, ब्लीचिंग पावडरीच्या शेजारी, नीट ठेवलं. संध्याकाळी भाता पुन्हा सुरू.

गुरुवारी प्रयोगशाळेला फोन केला. पलीकडून एका माणसाचा घाईतला आवाज आला. "किती पक्षी?"

"तीन."

"तीन हजारांत आजारी किती?"

"हजार नाही. तीन."

"तीन शेड?"

"नाही हो. एक, दोन, तीन. तीन कोंबड्या."

पलीकडे कुजबुज झाली. बहुधा त्यानं फोनवर हात ठेवून कुणाला तरी सांगितलं असावं. मग आवाज परत आला. "ठीक आहे. एक आजारी पक्षी घेऊन या. जिवंत असेल तर उत्तम. संध्याकाळी रिपोर्ट मिळेल. म्हणजे बाकीच्यांना काय द्यायचं ते ठरवता येतं."

रिपोर्ट हा शब्द कानावर पडला आणि मला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मी मायला समजावून सांगितलं, "बघ, काय पद्धत आहे. एकट्या कबरीच्या तपासणीवरून लाली-गवरीचंही औषध ठरणार."

"अन् कबरीचं?"

"तिचं तर आधी ठरणार."

शुक्रवारी सकाळी मी एकटाच निघालो. माय यायचं म्हणत होती, पण वाघोलीच्या रस्त्यानं तिचे गुडघे गेले असते. तिनं पिशवीत मूठभर ज्वारी टाकली, कबरीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "संगं थांबजो तिच्या."

प्रयोगशाळा पाहून मी भारावलो. पांढऱ्या फरश्या, काचेचे दरवाजे, भिंतीवर तक्ते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दहा जणांत एक ब्युरेट होतं. सर म्हणायचे, "बघणारे नऊ जण नीट बघा." आणि इथं एका कोंबडीसाठी एवढं सगळं! खिडकीतल्या वयस्क कर्मचाऱ्यानं अर्ज दिला.

अर्ज भरणं मला मनापासून आवडतं. एकूण पक्षी : तीन. आजारी : एक. नमुन्याचा प्रकार, मृत पक्षी की जिवंत पक्षी : जिवंत. खाली तपासण्यांची यादी होती. रक्त, विष्ठा, जंतुवाढ, शवविच्छेदन आणि शेवटी 'वरील सर्व'. मी यादी दोनदा वाचली. शवविच्छेदन अर्थातच मृत नमुन्यांसाठी असणार, आपण तर वर 'जिवंत' लिहिलंय, तेव्हा ते आपोआप गळणार, असा मी तर्क केला. कबरीच्या बाबतीत कुठलीही कसर राहू नये म्हणून मी 'वरील सर्व' वर ठळक खूण केली. शेवटचा रकाना होता, 'तपासणीनंतर नमुना परत हवा का?' तिथं मी 'होय' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

कर्मचाऱ्यानं चष्मा वर करून त्या रेघा बघितल्या. "परत नेऊन काय करणार, साहेब?"

"घरी आई वाट बघतेय."

"आजारी पक्षी खाऊ नये हो."

"खाण्याचा प्रश्नच नाही. घरातलीच आहे ती."

"मग पुरणार का?"

त्याला पुरवठा म्हणायचं असावं, किंवा तीन कोंबड्यांत माझं भागतं का, असं काहीतरी, असा मी समज करून घेतला. "आमच्यापुरतं पुरतं," मी नम्रपणे म्हणालो. त्यानं मान हलवली, कबरीच्या पायाला नमुना क्रमांकाची कागदी पट्टी बांधली आणि तिला आत घेऊन गेला. कबरीनं दारातून मागे वळून बघितलं. मी तिला हात केला.

बाकावर माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ बसले होते. जवळच्याच गावचे, स्वतःची मोठी पोल्ट्री असलेले. त्यांच्या पायाशी खोकं होतं. तेवढ्यात मायचा फोन आला.

"काय म्हणते डॉक्टर?"

"आत घेतलंय तिला."

"एकटीले?"

"हो. पण फार चांगली माणसं आहेत, माय. सगळ्या तपासण्या करणार आहेत. काही म्हणजे काही सोडणार नाहीत."

"घाबरते ते परक्या ठिकाणी. डोक्यावरून हात फिरवाले सांग त्याईले."

मी बरं म्हणून फोन ठेवला. गृहस्थांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुमचा पक्षी जित्ता हाय व्हय?"

"हो. तुमचा?"

"आमचं राती गेलं." त्यांनी पायानं खोकं सरकवलं. "पण तुमी बरं केलं. जित्त्या पक्षात झटक्यात कळतंय."

"हो ना? काय करतात हो नेमकं आत?"

"उघडून बघत्यात की."

"काय उघडून? तोंड?"

"तोंडापासनं सुरुवात करत्यात."

"मग?"

"मग खाली खाली येत्यात." त्यांनी हवेत बोटानं एक सरळ रेघ ओढली. ती रेघ मला नीट दिसली. ती शेपटापाशी थांबली.

मी रोज सकाळी बिस्कीट उचलतो. मोडतो. कुटतो. त्यावरून बाकीच्यांचं ठरवतो. 'बाकीच्यांना काय द्यायचं ते ठरवता येतं.' सात वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला हे कळायला टोपीवाल्या गृहस्थांचं एक बोट लागलं.

मी उठलो ते थेट काचेच्या दरवाजावर. त्यावर 'प्रवेश बंद' लिहिलं होतं. मी आयुष्यात प्रथमच एका लिखित सूचनेचा भंग केला.

आत पांढऱ्या कोटातल्या डॉक्टर मॅडम हातमोजे चढवत होत्या. स्टीलच्या टेबलावर कबरी उभी होती आणि तिच्या शेजारी ट्रेमध्ये जी हत्यारं होती, त्यांचं वर्णन मी आजही जेवणाआधी करत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "वरील सर्व नको."

"तुम्ही कोण?"

"मी तिचा मुलगा." मॅडमची भुवई वर गेली. "म्हणजे तिच्या मालकिणीचा."

या गडबडीत कबरीनं निर्णय स्वतःच्या हातात घेतला. ती टेबलावरून उडाली, सूक्ष्मदर्शकाच्या झाकणावर टेकली, तिथून फाईलींच्या कपाटावर गेली आणि वर उभी राहून अशा खणखणीत आवाजात ओरडू लागली, की बाहेरचे कर्मचारी आत आले. मी खुर्चीवर चढलो. खुर्ची चाकांची होती. मी कपाटाकडे हात केला आणि खुर्ची विरुद्ध दिशेनं निघाली. वाटेत माझ्यासोबत तीन फाईली आणि परीक्षानळ्यांचा एक रिकामा स्टँड आला. शेवटी टोपीवाले गृहस्थ शांतपणे आत आले, मायनं दिलेली ज्वारी माझ्या पिशवीतून काढून टेबलावर टाकली, कबरी खाली उतरली आणि त्यांनी तिला दोन्ही पंखांसकट अलगद उचलून माझ्या हातात दिलं.

"घरची हाय जणू," ते मॅडमना म्हणाले. यात माझी बाजू जितकी नीट मांडली गेली, तितकी मला मांडता आली नसती.

मॅडमनी हातमोजे उतरवले. "या पक्ष्याच्या छातीत घरघर आहे, असं अर्जात लिहिलंय. मला तर आत्ता पूर्ण प्रयोगशाळेला ऐकू जाईल असा आवाज ऐकू आला. डोळेही उघडलेत. घराबाहेर काढून किती वेळ झाला?"

"तीन तास."

"आणि घरी बिघडते?"

"हो. दवाखान्यात नेली तेव्हाही वाटेतच बरी झाली होती."

त्या खुर्ची ओढून बसल्या. (चाकांची, पण त्यांना जमली.) "खुराडं कशानं साफ करता?"

इतक्या वेळानं मला येणारा प्रश्न आला होता. "ब्लीचिंग पावडर. सकाळ-संध्याकाळ. सोमवारपासून दुप्पट."

"त्यावर?"

"फिनेल. मग कापूर."

"हवा खेळती आहे ना?"

"छे. तिन्ही बाजूंनी ताडपत्री आहे. काही बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही."

मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. मग हळू आवाजात, तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "कोंबडीच्या विष्ठेतून कुठला वायू निघतो?"

"अमोनिया," मी सरळ उभा राहिलो.

"अमोनिया आणि ब्लीचिंग पावडर बंद जागेत एकत्र आले, तर काय तयार होतं?"

"क्लोरामाइन, मॅडम. विषारी वायू. डोळे आणि श्वासनलिकेचा दाह..."

उत्तर अचूक होतं. सरांनी फळ्यावर काढलेलं ते समीकरण मला जसंच्या तसं दिसत होतं, वर उजव्या कोपऱ्यात तारखेसकट. फक्त त्या समीकरणात कबरी राहायला गेली आहे, हे मला तीन आठवडे दिसलं नव्हतं.

"शिक्षण काय आपलं?"

"बी.एस्सी.," मी म्हणालो. "रसायनशास्त्र." श्रेणी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितली नाही.

मॅडमनी औषध लिहिलं नाही. ताडपत्री काढा, पावडर बंद करा, खाली लाकडाचा भुसा घाला, डोळे मिठाच्या कोमट पाण्यानं पुसा, दिवसा मोकळं सोडा. म्हणजे मायनं सोमवारी सांगितलेलंच, फक्त लसूण वगळून. तरीही निघताना मला राहवलं नाही. "मॅडम, रिपोर्ट मिळेल का?"

त्यांनी मला छापील कागदावर रिपोर्ट दिला. मी तो जपून घडी घालून खिशात ठेवला.

घरी माय आणि वैशाली दारातच उभ्या होत्या. कबरी पिशवीतून उडी मारून उतरली आणि लाली-गवरीला काहीतरी लांबलचक सांगायला लागली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की त्यांची भाषा मायला येत नाही.

"हे पायाले काय बांधलं तिच्या?" मायनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. टेबल, ट्रे, खुर्ची, काही लपवलं नाही. मायशी खोटं बोलायला मला अजून जमलेलं नाही, आणि वैशालीला तर माझ्या शर्टाला लागलेल्या पिसांवरून अर्धं कळलं होतंच. शेवटी वैशालीनं रिपोर्ट उघडून मोठ्यानं वाचला.

"पक्ष्यात कोणताही रोग आढळला नाही. व्यवस्थापन तपासावे."

"व्यवस्थापन म्हंजे कोण?" मायनं विचारलं.

वैशालीनं माझ्याकडे फक्त बोट केलं.

त्या संध्याकाळी मी ताडपत्री सोडत असताना दामले काका भिंतीपाशी आले. मी आधीच सांगून टाकलं, "काका, आजपासून ब्लीचिंग नाही, फिनेल नाही. थोडा वास येईल कदाचित. माफ करा."

"कोंबड्यांचा वास मला कधीच आला नाही," काका म्हणाले. "येत होता तो तुमचा. तीन आठवडे खिडक्या लावून बसलोय."

"मग सांगायचंत ना, काका."

"सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या तळमळीनं करत होतात, की म्हटलं, कोंबड्या तक्रार करत नाहीत तर आपण कोण?"

शनिवारी सकाळपर्यंत कबरीचे दोन्ही डोळे स्वच्छ उघडले. शिंका थांबल्या. दुपारी तिनं अंडं घातलं आणि सबंध सोसायटीला कळवलं. मी मात्र कपाटावरच्या मायच्या पिशवीकडे बघत होतो. कबरी बरी झाली होती हे खरं, पण ती बरी झाली ती माझ्या घरातून बाहेर काढल्यावर, हेही मायनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिकीट काढू का, हे विचारायचा धीर मला होईना.

संध्याकाळी माय अंगणात गावी मावशीला फोन करत होती. मी दारामागे थांबलो. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला माहीत आहे, पण त्या आठवड्यात मला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टींचा उपयोग झाला नव्हता.

"नाई वं बाई, नाई येत मी उद्या," माय सांगत होती. "कोंबड्या रमल्या. इथली हवा मानवली त्याईले, पाणी मानवलं, सगळं मानवलं." मग तिनं आवाज खाली केला. "पण पोराच्या भरवशावर कशी सोडून येऊ त्याईले? दोन दिवस डोळ्याआड झाली, तर हा पुन्हा काईतरी करन. आता मले हलताच येत नाई इथून."

मुलगा कर्तबगार निघाला, की आई निर्धास्त होऊन गावी परतते. माझी माय अजून इथंच आहे.